तळ्याची नाडीपरीक्षा

आमच्या लहानपणीं घरांत पाण्याच्या दोन जाती मानल्या जात; एक सोंवळ्याचें पाणी व दुसरें ओंवळ्याचें. दोन्ही एकाच आडांतून निघत. परंतु तें कोणीं आणलें व कोणतें वस्त्र नेसून आणलें, यावरून त्याची जात ठरे. ह्या भेदाची थट्टा करावी असा आमचा हेतु नाहीं. मातोश्रींच्या हातच्या त्या घागरींतील पाण्याची गोडी अजून आमच्या जिभेवर आहे. परंतु पाणी शुद्ध आहे कीं नाहीं, हा प्रश्न खुद्द पाण्यालाच विचारतां येतो, ही साधी गोष्ट छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवूनही आमच्या ध्यानीं आली नव्हती. ती आमच्या गांवच्या तळ्यानें, आमच्या एका पुतणीनें आणि एका वृद्ध भोयानें आम्हांस शिकविली. आणि शिकवितांना आमची चांगलीच फजिती केली. ती प्रांजळपणें सांगावी म्हणून हा लेख.

आमचें गांव सातारा जिल्ह्यांत, कृष्णेपासून तीन-चार कोसांवर आहे. गांवाच्या पूर्वेस सुमारें नऊ एकरांचें जुनें तळें आहे. त्याच्या पश्चिम कांठावर महादेवाचें देऊळ व दगडी घाट, दक्षिणेस ओढ्याचें मुख, पूर्वेस बांध आणि सांडवा, व उत्तरेस भोयांचीं घरें. आमची आळी देवळाच्या पाठीशीं. आमचे वडील रोज घाटावर स्नानसंध्या करीत. पुढें घरोघर नळ आले आणि तळ्याकडे पाहण्याचें कोणास कारण उरलें नाहीं. पांच-सहा वर्षांपूर्वीं पाण्यास हिरवा रंग चढूं लागला. दोन वर्षांत उन्हाळा आला कीं घाटाच्या पायऱ्यांशीं हिरवी साय धरूं लागली. ग्रामसभेंत दोन पक्ष पडले. देवळाचें तीर्थ कधीं बाटत नाहीं, असें एका पक्षाचें म्हणणें. तळ्याचें विष झालें, तें बुजवून तेथें बाजार बसवावा, असें दुसऱ्याचें. आमच्या आळीचें तिसरेंच मत होतें: ही सारी घाण उत्तरेकडील भोयांच्या वस्तीची. तेव्हां आम्हींही मान डोलाविली होती. तळ्यांतील पाण्याचा एक थेंबही कोणीं तपासला नव्हता.

भोयांनीं मात्र त्याच तळ्यांत मासळी सोडण्याचा ठेका घेतला होता. त्यांच्या पोटाचा प्रश्न. त्यांच्यांतील वडीलधारे, ज्यांस सारा गांव आबा म्हणतो, ते एके दिवशीं आमच्या ओटीवर येऊन म्हणाले, "गुरुजी, तुमी वाचनारं मानूस. पान्याला काय झालंया त्ये बगा कीं."

आम्हीं प्रथम केलें तें आमच्या संवयीप्रमाणेंच केलें, सुश्रुतसंहिता काढली. सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायांत पाण्याचे सहा प्रकारचे दोष सांगितले आहेत: स्पर्शाचा, रूपाचा, रसाचा, गंधाचा, वीर्याचा आणि विपाकाचा. गढूळ पाणी निवळविण्याचीं सात साधनेंही तेथेंच दिलीं आहेत. त्यांत कतक, म्हणजे आपली निवळीची बी, हें पहिलें. हें वाचून आम्हांस मोठा अभिमान वाटला आणि तो आम्हीं पुतणीजवळ बोलूनही दाखविला. ती रसायनशास्त्राची एम्. एस्सी. असून तालुक्याच्या महाविद्यालयांत शिकविते. ती म्हणाली, "काका, पहिले चार दोष हाताला, डोळ्यांना, जिभेला आणि नाकाला कळतात. शेवटचे दोन?" ते पाणी प्याल्यावर कळतात, असें आम्हीं सांगितलें. "म्हणजे पिणाराच प्रयोगशाळा!" असें म्हणून ती हंसली. मग तिनें एक गोष्ट अशी सांगितली कीं, ती आम्हीं तरी पुन्हा विसरणार नाहीं. निवळी किंवा तुरटी पाण्यांत तरंगणारा गाळ खालीं बसविते; पाण्यांत विरघळलेलें असेल त्यास ती बहुधा हात लावीत नाहीं. मिठाचें पाणी आरशासारखें नितळ असतें. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत मनूनें म्हटलें आहे कीं, निवळीच्या फळानें पाणी स्वच्छ होतें खरें, परंतु तिचें नुसतें नांव घेतल्यानें होत नाहीं. तेथें प्रसंग धर्माचा आहे. आम्हीं तो आमच्या ग्रामसभेस लावून पाहिला.

मग सामग्री जमली. शाळेच्या मुलांनीं वीस सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या थाळीचे चार भाग करून ते आळीपाळीनें काळे व पांढरे रंगविले आणि मध्यें भोंक पाडून गांठी मारलेली दोरी ओंविली. ह्या थाळीस सेक्कीची थाळी म्हणतात. आंजेलो सेक्की हे रोमचे ख्रिस्ती पाद्री आणि नामांकित ज्योतिर्विद. १८६५ सालीं पोपच्या एका नौकेवरून भूमध्यसमुद्रांत पांढऱ्या थाळ्या सोडून, त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात, हें त्यांनीं मोजलें. पुढें १८९९ सालीं अमेरिकेंतील व्हिपल यांनीं थाळीवर काळेपांढरे भाग केले. थाळी खालीं सोडावी, दिसेनाशी झाली कीं गांठ पाहावी. वर ओढावी, दिसूं लागली कीं पुन्हा गांठ पाहावी. दोहोंची सरासरी ती पाण्याची पारदर्शकता. आमची थाळी तीस सेंटिमीटरांवर, म्हणजे वीतभर चार बोटांवरच गडप झाली. आमच्या लहानपणीं घाटावरून टाकलेला पैसा पुरुषभर पाण्याखालीं चमकतांना दिसे.

पाण्याची उष्णता जागच्या जागींच मोजावी लागते, कारण बाटली घरीं नेईपर्यंत ती बदलते. सामू, ज्यास रसायनज्ञ पीएच् म्हणतात, तोही तेथेंच पाहिलेला बरा. ही मोजपट्टी सोरेन्सेन यांनीं १९०९ सालीं कोपनहेगन येथें बसविली. सात म्हणजे मध्यम, त्याखालीं आम्ल, वर अल्क. ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, येथें एक पायरी म्हणजे एकपट नव्हे, दहापट.

परंतु सर्वांत महत्त्वाची परीक्षा पाण्यांतील प्राणवायूची. मासे पाण्यांत राहतात म्हणून त्यांस हवा लागत नाहीं असें पुष्कळांस वाटतें. पाण्यांत विरघळलेल्या हवेवरच ते जगतात. ती मोजण्याची रीत हंगेरीच्या विंक्लर यांनीं १८८८ सालीं शोधली आणि ती अजून प्रमाण मानली जाते. कांचेच्या बुचाची बाटली पाण्याखालीं धरून, आंत बुडबुडा न राहील अशी भरावी. तींत प्रथम मँगॅनीज सल्फेट व मागून अल्कयुक्त आयोडाइड नळीनें पृष्ठाखालीं सोडावें. पाण्यांत प्राणवायु असेल तर तपकिरी साका पडतो, नसेल तर पांढरा. मग गंधकाम्ल घातलें कीं साका विरघळून, जितका प्राणवायु तितकें आयोडीन मोकळें होतें. त्यांत पिष्टाचें पाणी घालून निळा रंग आणावा आणि थायोसल्फेटचा द्राव थेंबाथेंबानें सोडून तो रंग जेथें नाहींसा होईल तेथें हात थांबवावा. किती द्राव लागला त्यावरून हिशेब. गंधकाम्लाचें काम आमच्या पुतणीनें आम्हांस करूं दिलें नाहीं. तेवढें तिनें स्वतःच केलें.

वैशाख वद्यांतील एका दिवशीं दुपारीं तीन वाजतां घाटाच्या पायरीवर बसून आम्हीं ही परीक्षा केली. पाण्याची उष्णता ३० अंश, सामू ९, आणि प्राणवायु दर लिटरास १२.६ मिलिग्रॅम. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें पाण्याचे उपयोगपरत्वें वर्ग पाडले आहेत; मासळीसाठीं दर लिटरास किमान ४ आणि उघड्यावरील स्नानासाठीं किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायु असावा, असें त्यांत सांगितलें आहे. आमचा आंकडा तर बाराच्याही वर! पुतणी म्हणाली, "काका, एका बाटलीवर निकाल देऊं नका. आणि हा आंकडा फार चांगला आहे, तेंच मला बरें वाटत नाहीं." आम्हीं ऐकलें नाहीं. पत्रिकेंत सारे ग्रह उच्चीचे दिसले तर ज्योतिषी आधीं आपलें गणित तपासतो. हें आम्हांस त्याच क्षणीं सुचावयास हवें होतें. आम्हीं त्याच सायंकाळीं आबांस निरोप धाडला कीं, मासळीस भय नाहीं.

आबा आले. आंकडा ऐकून घेतला व म्हणाले, "गुरुजी, ह्ये दुपारचं झालं. पाटंचं कवा बगितलंसा? आठ दिस झालं, मासं वर येऊन त्वांड उगडत्यात." आम्हीं त्यांस समजावलें कीं, आबा, शास्त्रीय परीक्षेंत डोळ्यांचा भ्रम चालत नाहीं. ते गप्प राहिले आणि गेले. त्यांनीं आमच्या शब्दावर मासळी काढली नाहीं, आणखी थोडी वाढूं द्यावी असें ठरविलें, हें आम्हांस मागाहून कळलें.

ज्येष्ठाच्या आरंभीं तीन दिवस आभाळ भरून राहिलें. पाऊस नाहीं, वारा नाहीं, ऊनही नाहीं. चौथ्या दिवशीं सकाळीं उत्तर कांठावर मेलेल्या मासळीचा पांढरा पट्टा लागला होता. कटला, रोहू, लहान-मोठी सारी. बायका टोपल्या भरभरून ती बाहेर काढीत होत्या आणि पुरीत होत्या. ठेक्याचे पैसे अजून फिटावयाचे होते. आबा आमच्या दाराशीं भांडावयास आले असते तर एक वेळ बरें झालें असतें. ते आले नाहींत.

आम्हीं दुसऱ्या दिवशीं त्यांच्याकडे गेलों. काय बोलावें हें सुचेना. आम्हीं म्हणालों, "आबा, चूक आमची झाली." ते जाळें विणीत होते. हात न थांबवितां म्हणाले, "आतां तरी पाटंचं या."

तिसऱ्या दिवशीं पहांटे साडेपांचास आबांच्या होडींतून जाऊन आम्हीं तळ्याच्या मध्यावर बाटली भरली. साका पडला तो जवळजवळ पांढरा. प्राणवायु १.१. सामू ७.४. पाणी तेंच, बाटली तीच, औषधें तींच.

ह्याचा उलगडा असा. पाणी हिरवें दिसतें तें सूक्ष्म शेवाळामुळें. दिवसां उन्हांत हें शेवाळ झाडाप्रमाणेंच कर्बवायु घेतें व प्राणवायु सोडतें. कर्बवायु पाण्यांत आम्लता आणतो. तो शेवाळानें ओढून घेतला कीं सामू चढतो. म्हणून दुपारीं ९. रात्रीं ऊन नसतें. तेव्हां तेंच शेवाळ, मासे आणि तळचा कुजता गाळ, सारे मिळून प्राणवायु खातात आणि पहांटेपर्यंत भांडार रितें होतें. दिवस ढगाळ असले तर भांडार भरतच नाहीं. आणि उष्ण पाण्यांत तो मुळांतच कमी मावतो. समुद्रसपाटीस शून्य अंशावर दर लिटरांत १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर सुमारें साडेसातच. साडेसातांच्या भांड्यांत साडेबारा आढळले, हीच रोगाची खूण होती. आम्हीं तिला आरोग्य समजलों. वैद्य रोग्याची नाडी सकाळीं, उपाशीपोटीं पाहतो. आम्हीं तळ्याची नाडी तें भरपेट जेवून बसलें असतांना पाहिली.

येथें वाचक विचारतील, मग सामू किती असला म्हणजे पाणी चांगलें समजावें? स्नानाच्या वर्गासाठीं ६.५ ते ८.५ अशी मर्यादा आहे. परंतु आंकडा हातीं घेऊन सर्व तळ्यांवर सारखाच धांवूं नये. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर घ्या. उल्कापातानें काळ्या खडकांत पडलेलें, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर. त्यांतील पाणी खारट व अल्कयुक्त, सामू दहाच्या आसपास. वरील मर्यादा लावली तर लोणार नापास. परंतु तो त्याचा रोग नव्हे, प्रकृति आहे. त्या पाण्यांत त्यालाच योग्य असे जीव राहतात. २०२० सालच्या जूनमध्यें तें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां कोणी चमत्कार म्हणाले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें नमुने तपासले. क्षारप्रिय अशा सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. नमुना स्थिर ठेवतां ते जीव तळाशीं बसले आणि पाणी नितळ झालें. त्याच वर्षीं लोणारचें नांव रामसरच्या यादींत आलें. रंग बदलला म्हणून तें सरोवर बुजवावें, अशी सूचना आमच्या गांवची ग्रामसभा तेथें असती तर आली असती, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

तर आमच्या तळ्याची प्रकृति कोणती व रोग कोणता? शेवाळास इतकें खत कोण घालीत होतें? वेळेची चूक कळली होती, आतां जागेची पाळी आली. आम्हीं पहांटेच्या फेरींत पांच ठिकाणें नेमलीं. प्रत्येक ठिकाणीं बाटली त्याच पाण्यानें तीन वेळां खंगाळावी, वीतभर खालीं बुडवून भरावी आणि तिच्यावर जागा, तारीख व वेळ लिहावी, हा नियम. विरघळलेले क्षार किती, हें पाण्यांतून वीज किती वाहते त्यावरून सांगणारी एक लेखणीएवढी वस्तु मिळते. ती आबांच्या नातवानें हातीं घेतली. ओढ्याच्या मुखाशीं तिचा आंकडा २४०, बांधाशीं ३१०, भोयांच्या घरांपुढें ३३०, घाटाच्या उत्तर टोकास ३६०. आम्ही सारे घाटाच्या दक्षिण टोकास आलों. तेथें देवळामागून येणारें एक झांकलेलें गटार तळ्यास मिळतें. मुलानें लेखणी बुडविली, काढून पुसली, पुन्हा बुडविली. १०४०.

पुतणीनें त्या बाटल्या नेऊन क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, मोजला. चंदेरी क्षाराचा द्राव सोडतांना पिवळें पाणी विटेसारखें तांबूस होऊं लागलें कीं ही परीक्षा पुरी होते. बांधाशीं दर लिटरास २२ मिलिग्रॅम, गटाराच्या तोंडाशीं ११८. मीठ कुजत नाहीं, उडून जात नाहीं. मनुष्याच्या मूत्रांतून तें सतत बाहेर पडतें. म्हणून शेजारच्या पाण्याहून एका जागीं तें एकदम वाढलें कीं मैलापाण्याचा संशय घ्यावा. संशयाची खात्री करावयास तिनें दुसरी परीक्षा केली. बाटली अंधारांत २७ अंशांवर तीन दिवस ठेवावी आणि तेवढ्या अवधींत आंतील जंतूंनीं किती प्राणवायु खाल्ला तें पाहावें. इंग्लंडांत ही परीक्षा पांच दिवसांची ठरली. आपल्या उष्ण देशांत २७ अंश आणि तीन दिवस. स्नानाच्या पाण्यास तीन मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गटारापाशीं अडतीस आले.

तिनें कागद आमच्यापुढें ठेवला आणि हलकेच म्हणाली, "काका, हें आपल्या आळीचें."

खरेंच होतें. पंचवीस वर्षांपूर्वीं आळींत घरोघर संडास झाले. प्रत्येकानें मैल्याची टांकी बांधली आणि तिच्यावरून वाहणारें पाणी, मोरीचें व कपडे धुण्याचें साबणपाणी यांसह, त्या गटारास जोडलें. टांकी बांधली म्हणजे पाणी शुद्ध झालें अशी समजूत. वास्तविक टांकींत जड भाग तेवढा तळाशीं बसतो. वर वाहणाऱ्या पाण्यांत विरघळलेलें सारें तसेंच असतें, आणि तें शोषखड्ड्यांत जिरवावयाचें असतें. आमच्या घरची टांकी आम्हीं स्वतः उभे राहून बांधून घेतली होती; गटाराचें तोंड देवळामागें न्यावें, म्हणजे आळींत वास येणार नाहीं, ही युक्तिही आमचीच. आम्हीं हें घरीं सांगितलें तेव्हां आमचें कुटुंब देव्हाऱ्यापुढें वाती वळीत होतें. "म्हणजे प्रदोषाला मी घाटावरून जें पाणी महादेवाला—" इतकें म्हणून तिनें वाक्य तोडलें आणि दुसऱ्या दिवशीं गवंड्यास बोलाविणें धाडलें.

ग्रामसभेंत कागद वाचून दाखविणें आम्हांस सोपें गेलें नाहीं. आळींतले दोघे-तिघे अजून आमच्याशीं बोलत नाहींत. एकानें विचारलें कीं, भोयांच्या वस्तीचा आंकडा ३३० कसा, तो कमी लिहिला असेल. आम्हीं लेखणी त्यांच्या हातीं दिली आणि स्वतः जाऊन पाहण्यास सांगितलें. ते गेले नाहींत. आळींत तेवीस घरें आहेत. आजपर्यंत नऊ घरांनीं शोषखड्डे केले. पांच घरें दिवाळीनंतर करूं म्हणतात. बाकीच्यांचें उत्तर नाहीं. भोयांचा तो ठेका ग्रामपंचायतीनें एक वर्ष वाढवून दिला. मेलेल्या मासळीची भरपाई कशानें व्हावयाची, ह्याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. आबांच्या नातवाच्या शाळेचा खर्च आम्हीं उचलला आहे, पण तो त्या हिशेबांत धरावा असें आम्ही म्हणत नाहीं.

तळें एका वर्षांत सुधारेल अशी पुतणीस आशा नाहीं. तळच्या गाळांत पंचवीस वर्षांचें खत सांठलें आहे. वरून येणें थांबलें तरी तें कांहीं वर्षें खालून सुटत राहतें. यंदा ज्येष्ठांत, त्याच जागीं, पहांटे साडेपांचास प्राणवायु २.९ भरला. मासळीच्या मर्यादेस अजून पोहोंचला नाहीं. परंतु यंदा मासळी मेली नाहीं. ढगाळ दिवस आले कीं आबा आतां आम्हांस विचारीत नाहींत, रात्रभर पंप लावून पाणी उडवितात. थाळी चाळीस सेंटिमीटरांपर्यंत दिसते.

पुढची फेरी येत्या शनिवारीं पहांटे आहे. आबा होडी लावणार आहेत. थाळीची दोरी उंदरांनीं कुरतडली आहे, ती तेवढी आधीं बदलावयाची आहे.